आईची मशेरी आणि माझं सोवळं

माझ्या किळसेची ख्याती आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत आहे. पंगतीत शेजारच्याने कढीचा भुरका मारला की माझा घास घशात अडकतो. कुणी नाक शिंकरून हात धोतराला पुसला, तर त्या माणसाशी मी पुढची दोन वर्षं लांबूनच नमस्कार करून बोलतो. सासुरवाडी वसईजवळच्या निर्मळ गावात. लग्नानंतर सासऱ्यांनी मोठ्या हौसेने केळीची वाडी दाखवायला नेलं, तेव्हा शेणखताच्या खड्ड्यापाशी मी रुमाल काढून नाकाला लावला. "जावईबापूंना अत्तराचं खत घालायला पाहिजे," असं ते त्या दिवशी म्हणाले, आणि पुढे प्रत्येक सणाला म्हणत राहिले. मी मात्र ह्याला स्वच्छतेची आवड म्हणत असे. ती आवड नव्हती हे कळायला एक म्हातारं हृदय बिघडावं लागलं, आणि ते माझ्या आईचं होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. वडील गेले आणि आई साताऱ्याकडचं गाव सोडून विरारला आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. येताना तिने एक ट्रंक आणली, वडिलांचा फोटो आणला, आणि एक वेगळा, बुडाला खोल गेलेला लोखंडी तवा आणला. तो तवा बघून मी आधी रुमाल शोधला, कारण तो कशाचा हे मला लहानपणापासून माहीत होतं.

तो मशेरीचा तवा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या तंबाखूची पानं तव्यावर कोळसा होईस्तोवर भाजायची, हाताने चुरायची, ती भुकटी डबीत भरायची आणि बोटाने दातांना घासायची. आमच्याकडे तिला मिसरी म्हणतात. नाव बदललं तरी वास तोच. आई पंधरा दिवसांतून एकदा भाजायला बसली की तिसऱ्या मजल्यापर्यंत ठसका जायचा. खालून कुणीतरी ओरडायचं, "कोणाची मिरची जळाली?" आणि मी, सोसायटीचा सेक्रेटरी, खिडकी लावून घेऊन गप्प बसायचो. जिन्यातल्या प्रत्येक वळणावर "येथे थुंकू नये" हे माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

पण भाजणं पंधरा दिवसांतून एकदा. घासणं दिवसातून पाच वेळा. पहाटे उठल्यावर, चहानंतर, दुपारी जेवून, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, आणि झोपताना. ती बाल्कनीत पाटावर बसायची, तर्जनी काळी करून तोंडात घालायची आणि अर्धा-अर्धा तास हिरड्या चोळत राहायची. तोंड भरलेलं असल्यामुळे त्या वेळात ती फक्त "ऊं" आणि "अं हं" एवढंच बोलायची, आणि त्या दोन आवाजांत बायकोला डाळ शिजत घालायला सांगायची, दूधवाल्याला हाकलायची, मला दाढी करायची आठवण करून द्यायची. ओठाच्या कडेने एक काळा ओघळ हनुवटीकडे निघालेला असायचा. तो पडणार पडणार असं वाटत असतानाच ती मनगटाने पुसायची. मग उठून बेसिनपाशी.

बेसिन एकच. पाणी दिवसाआड. पाण्याचा टँकर आला तर ड्रम भरून ठेवायचे आणि तांब्या-तांब्याने वापरायचं. तेव्हा बेसिनचा नळ म्हणजे नुसती शोभा. आई थुंकायची आणि तिचं गुडघ्याचं दुखणं असल्यामुळे वाकून तांब्या भरणं तिला जमायचं नाही. बायको शाळेत शिक्षिका, सकाळच्या पाळीची, ती साडेसहालाच घराबाहेर पडायची. म्हणजे ते धुणं माझ्याकडे. मी त्याची एक पद्धत बसवली होती. श्वास बाहेरच घ्यायचा, तांब्या भरायचा, आत जाऊन डोळे मिटायचे, अंदाजाने पाणी ओतायचं, आणि पाण्याचा गुडगुड आवाज थांबला की बाहेर. वर्षभरात मी ह्यात इतका तरबेज झालो की एक थेंब बाहेर जात नसे. आंधळ्याने गंध लावावा तसं.

आणि एवढं सगळं असून आमचं घर निर्व्यसनी होतं. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळाच्या कागदावर "मुलगा व घराणे निर्व्यसनी" असं लिहिलेलं होतं आणि ते लिहिताना कुणाचा हात थरथरला नव्हता. मशेरी हे व्यसन थोडंच आहे! ते दात घासणं. विडी ओढतात ती पुरुष माणसं, तंबाखू खातात ते गडी, आणि मशेरी लावतात त्या आया.

एका रविवारी आई मेथी निवडत बसली होती. मध्येच थांबली आणि हात छातीवर ठेवला.

"काय गं?"

"काय न्हाई. डालग्याखाली कोंबडी कोंडल्यागत हुतंय. फडफडती, मग निवांत बसती, पुन्ना फडफडती."

"गॅस असेल. ओवा खा."

ओवा झाला, हिंग झालं, लिंबू-सोडा झाला. पंधरा दिवसांनी ती भाजी घेऊन येताना पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसली ती उठेच ना. बायकोने तिथेच तिचं मनगट धरलं. माझी बायको शाळेत गणित शिकवते. तिने ओठ हलवत मोजायला सुरुवात केली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अहो, ह्यांची नाडी चुकतेय. दोन ठोके बरोबर पडतात, तिसरा गाळतात, मग चार घाईघाईने."

"तुझ्याच मोजण्यात काही..."

"मी सातवीची गणितं तपासते. मला चुकलेलं कळतं."

वसईला एक हृदयाचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे न्यायचं ठरलं. आता इथून पुढे माझं कर्तृत्व सुरू होतं. त्या दवाखान्यात काचेच्या पेटीत मासे होते, खुर्च्यांना गाद्या होत्या आणि इस्त्रीच्या साड्या नेसलेल्या बायका मासिकं चाळत बसत, असं मी ऐकलं होतं. म्हणून निघायच्या आधी मी आईला तीनदा चूळ भरायला लावली. तिच्या हातात मूठभर बडीशेप दिली. "चावत राहा," म्हटलं. आणि रिक्षात बसल्यावर सांगितलं, "तिथे काय विचारलं तर तू बोलू नकोस. मी सांगेन."

"का? मला वाचा गेली का काय?"

"डॉक्टर शिकलेले असतात. तुझं बोलणं त्यांना कळायचं नाही."

ती बडीशेप चावत बाहेर बघत बसली. कनवटीला डबी होती. मला ती दिसत होती.

डॉक्टर साठीच्या आसपासचे, तिरसट आणि मन लावून बघणारे. कार्डिओग्राम काढला. त्या कागदाच्या पट्टीवरच्या रेघा मला पहिलीतल्या पोराने आगगाडीत बसून अक्षर गिरवावं तशा दिसल्या. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. ब्लडप्रेशर? साखर? अलीकडे वजन उतरलंय का, हात थरथरतात का, घाम फार येतो का? "थायरॉइडमुळेही असं होतं, म्हणून विचारतोय." चहा किती? दारू? इथे आईने पदर तोंडावर घेतला. झोपेत घोरतात का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का? लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?

शेवटच्या प्रश्नावर आई माझं ऐकणार नव्हती. "व्हय, सुजले की! धा वर्साची असंन. गुडघे भोपळ्याएवढं. दोन म्हयने आंथरुनात."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. तिचं बोलणं त्यांना अगदी व्यवस्थित कळलं.

"तंबाखू?"

आईने तोंड उघडलं. हे मला आजही स्पष्ट दिसतं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, ती डॉक्टरांकडे बघत होती आणि सांगायला निघाली होती. मी म्हणालो, "छे छे! आमच्या घराण्यात सुपारीचंसुद्धा व्यसन नाही."

तिने तोंड मिटलं. बडीशेपेचा एक दाणा तिच्या ओठाला चिकटला होता.

बायको माझ्याकडे बघत होती. मी माशांकडे बघितलं.

तपासण्या झाल्या. लहानपणच्या त्या तापाने हृदयातली एक झडप जाड होऊन आकसली होती, वर ब्लडप्रेशर चढलेलं. ठोके ताळ सोडतात ते त्यामुळे, डॉक्टर म्हणाले. आणि खरी भीती ठोक्यांची नाही. रक्त आत साचून गाठ धरेल आणि ती मेंदूत गेली तर एका क्षणात अर्धं अंग जाईल, भीती त्याची. त्यांनी तीन गोळ्या दिल्या. एक ठोके हळू करायची, एक प्रेशरची, आणि एक रक्त पातळ ठेवायची. तिसरीबद्दल त्यांनी बोट वर करून बजावलं. "ह्या गोळीवर नजर ठेवावी लागते. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासा. आणि रोज बघायचं: हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून कुठे रक्त येतंय का. आलं तर त्याच दिवशी मला कळवायचं. घरात सकाळी कोण असतं?"

"मी असतो," मी म्हणालो, जबाबदार माणसाच्या आवाजात.

महिना गेला तरी नाडी घोड्यावरच. डॉक्टर पट्टी धरून कपाळाला आठ्या घालत. "एवढ्या गोळीने खाली यायला पाहिजे होती. दुसरं काही घेत नाहीत ना?" मी ठामपणे नाही म्हणालो. त्यांनी गोळी वाढवली. मी घरी येऊन कारणं शोधायला बसलो. हा माझा आवडता उद्योग, कारण त्यात जागचं हलावं लागत नाही. प्रथम चहा बंद केला. मग टँकरचं पाणी. ते मचूळ लागतं, त्यात काहीतरी असणारच. मग बायकोच्या माहेरून येणारे सुके बोंबील.

"खारवलेलं असतं ते. प्रेशर वाढतं. तुझ्या माहेरच्यांना सांग, पाठवू नका."

"बरं," बायको म्हणाली. "आणि ती डबी?"

"कुठली डबी?"

"अहो, आईंच्या कनवटीची. रिक्षात सुद्धा असते ती."

"ते दंतमंजन आहे."

"असं का? मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगा की, आमच्या घरी दंतमंजन भाजतात म्हणून."

"डॉक्टरांनी तंबाखू विचारलं होतं. ही भाजलेली असते. सगळं जळून जातं त्यातलं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच नव्हतं सांगितलं. ते मला जन्मापासून माहीत होतं, म्हणजे आईलाही तिच्या जन्मापासून माहीत होतं, आणि तिच्या आईलाही. पण खरं सांगायचं तर माझं कारण तेही नव्हतं. मशेरी म्हणजे तंबाखू हे मला कुठेतरी कळत होतं. मला तो शब्द त्या गादीच्या खुर्चीत बसून उच्चारता येत नव्हता. उच्चारला असता तर डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे ती काळी तर्जनी, तो ओघळ, ते बेसिन उभं राहिलं असतं, आणि त्या बेसिनशेजारी तांब्या घेऊन मी. आईच्या छातीत गाठ धरणार की नाही हा प्रश्न होता, आणि मी जपत होतो माझी इस्त्री.

पुढचा प्रकार शाळेला सुट्टी होती त्या दिवशी घडला. बायको घरात होती. मी नेहमीप्रमाणे बाहेर श्वास घेतला, तांब्या भरला आणि आत निघालो. ती माझ्या आधी बेसिनपाशी उभी होती.

"थांबा. पाणी ओतू नका."

"काय झालं?"

"हे बघा."

"मला नको दाखवू. आत्ताच चहा झालाय."

"अहो, बघा म्हणते ना! हे रक्त आहे."

मी एक डोळा उघडला. काळ्या फेसात लाल होतं. थोडं नव्हतं. फेस लाल होता आणि काळं त्यात होतं. एक गुठळी जाळीवर अडकून हलत होती. मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "पान खाल्लं असेल."

"आईंनी पान कधी खाल्लंय?"

मी तांब्या खाली ठेवला.

"किती दिवस येतंय हे?"

मला काय ठाऊक! मी रोज सकाळी ते धूत होतो. रोज सकाळी मी त्याच्या दोन वितींवर उभा होतो आणि डोळे मिटून पाणी ओतत होतो. डॉक्टरांनी नजर ठेवायला सांगितलेल्या माणसाने एवढीच एक गोष्ट केली नव्हती.

आई बाल्कनीत बसून होती. बायकोने विचारलं, "आई, कधीपासून?"

"आठ-धा रोज झालं. चोळलं की येतंय. चोळलं की थांबंल म्हनून आनिक चोळती."

"मग सांगितलं नाहीत?"

"त्यो धुतोय की रोज. त्याला दिसतच आसंन, म्हनलं. काय बोलत न्हाई म्हंजी काय आसंल त्ये बरंच आसंल."

ह्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्याच तासाला रिक्षा करून आम्ही वसईला गेलो. आईने सगळा रस्ता पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. ह्या खेपेला बडीशेप नव्हती आणि चूळही भरली नव्हती. बायकोने भरू दिली नाही. दवाखान्यात इस्त्रीच्या साड्या होत्याच. आमच्या शेजारची एक बाई वास येऊन दोन खुर्च्या पलीकडे सरकली. मी तिच्या जागी असतो तर चार सरकलो असतो.

डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली, आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"आजी, दातांना काय लावता?"

आईने माझ्याकडे बघितलं. परवानगी मागत होती, हे मला तेव्हा कळलं. सत्तरीच्या बाईला स्वतःच्या तोंडाबद्दल बोलायला माझी परवानगी लागत होती.

"मशेरी," मी म्हणालो. ह्या खेपेला माशांकडे न बघता दुसऱ्यांदा म्हणालो. "मशेरी लावते. दिवसातून पाच वेळा."

"मी तंबाखू विचारलं होतं पहिल्या दिवशी."

"भाजलेली असते, त्यामुळे मला वाटलं..."

"भाजली म्हणून तंबाखूची तुळस होते का? तुम्ही शिकलेले ना?" डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडण्यापेक्षा ते वाईट होतं. "हिरडीतून ती थेट रक्तात जाते. ठोके वाढवते, प्रेशर चढवते. मी गोळीने घोडा मागे ओढतोय आणि तुम्ही पाच वेळा चाबूक मारताय. वर रक्त पातळ केलेलं आणि बोटाने हिरड्या खरवडताय. ठोक्यांचं मूळ त्या झडपेत आहे, ते काही ह्यांनी मागून घेतलेलं नाही. वयही नाही. पण हे एक तरी हातात होतं."

तेवढ्यात आई बोलली. "त्याला रागं भरू नगा, डाक्टर. मीच म्हनले हुते त्याला, सांगू नगंस."

आयुष्यात आई माझ्यासमोर पहिल्यांदा खोटं बोलली. ते माझ्यासाठी होतं, आणि चांगलं जमलंही होतं. मी ते घेऊन टाकणार होतो. खरंच टाकणार होतो. पण गणिताच्या बाईंना चुकीचं उत्तर सहन होत नाही.

"नाही डॉक्टर," बायको म्हणाली, "ह्यांनीच आईंना बोलू दिलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी बेसिनकडे बघत आलो होतो. मग म्हणाले, "मीही नुसतं 'तंबाखू' विचारून सोडलं. निम्म्या बायका लावतात आणि नाही म्हणतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं." हे त्यांचं मोठेपण. मग त्यांनी माझ्या पोटाकडे नजर टाकली. "तुम्ही घोरता का?"

"थोडंसं."

"रातच्याला रेडा बांधल्यागत," आईने पदराआडून माहिती दिली.

माझ्याही दंडाला पट्टा बांधला गेला. प्रेशर माझंही चढलेलं निघालं. पोट, घोरणं, लोणचं, जागचं न हलणं ह्यांची एक वेगळी यादी झाली. पुढे माझ्या हृदयाचाही ताळ सुटायचा नसेल तर ह्यातलं काय काय आत्ताच सोडायचं, ते त्यांनी सांगितलं. आईला मनापासून आनंद झाला. "बगा, तंबाकूचं येसन नसताना!" ती म्हणाली.

रक्त फार पातळ झालं होतं. ती गोळी दोन दिवस थांबवली, मग कमी केली. मशेरी बंद. आणि एक काम खास माझ्यासाठी दिलं गेलं. रोज सकाळी बॅटरी घेऊन आईचं तोंड उघडून आत बघायचं. हिरड्या, जिभेच्या खाली, गालाच्या आतल्या बाजू. रक्त आहे का, पांढरा चट्टा आहे का. "तुम्हीच बघायचं," डॉक्टर म्हणाले. "सुनेने नाही."

मशेरी सोडणं म्हणजे काय ते ज्याने घरात पाहिलंय त्यालाच ठाऊक. पहिले चार दिवस आईचं डोकं दुखत होतं. पोट साफ होईना. "मिसरी लावल्याबिगर आतडं उठतच न्हाई माजं," हे ती शेजारपाजारी, दूधवाल्याला, फोनवर माझ्या बहिणीला सांगत होती. रिकामी तर्जनी तोंडाकडे जायची आणि अर्ध्यावरून परत यायची. संतापली की भांडी आपटायची. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे हळदीकुंकवाचं निमित्त करून गेली आणि काळे ओठ घेऊन आली. मी भाषण दिलं. तिने ऐकून घेतलं.

"तुजा बाप गेला, गाव सुटलं, चा तू बंद केलास. आता हीबी सोडू? मग ऱ्हायलं काय माजं?"

"तू राहशील की."

"आनि तू तोंड वळवशील. आजून वळवतोस. माज्याकडं बगून जेवतोस तरी का कवा?"

नव्हतो जेवत. वर्षभर मी ताट घेऊन आतल्या खोलीत बातम्या ऐकत जेवत होतो. मला वाटत होतं हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको शाळेत गेली. इतके दिवस लांबूनच मारत आलेली बॅटरी मी घेतली. आई बाल्कनीतल्या उजेडाकडे तोंड करून पाटावर बसली, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. मी जवळ गेलो. वास आला. चाळीस वर्षांच्या मशेरीचा, दुखऱ्या हिरडीचा, म्हाताऱ्या पोटाचा. हिरड्या जांभळ्या-काळ्या, बुरशी धरलेल्या भिंतीसारख्या. खाली सहा दात, वर चार, मुळाशी डांबर. जीभ थरथरत होती. हेच तोंड मला घास चावून भरवत असे, हे मनात आलं आणि सांगायला हरकत नाही, त्याने मला प्रेमाचं भरतं वगैरे आलं नाही, उलट मळमळलं. मी डोळे मिटले, बॅटरी अंदाजाने फिरवली.

"काही नाही," मी म्हणालो.

तिने तोंड मिटलं. "वास येतोय न्हवं?"

"येतो."

"लई?"

"फार."

"आनि डोळं मिटलंस."

मी बॅटरी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"नाक धर हवं तर. पर डोळं उघड." आणि तिने पुन्हा मान मागे टाकून तोंड उघडलं, डाव्या हाताने स्वतःचा गाल बाजूला ओढून धरला, मला दिसावं म्हणून.

मी नाक धरलं आणि बघितलं. बॅटरी एकेका दातावर नेली. उजवीकडे, खालच्या शेवटच्या दाढेमागे, हिरडीच्या कडेला एक बारीक लाल रेघ होती. मी बघत असतानाच तिचा थेंब झाला.

"आहे," मी म्हणालो. "उजवीकडे. लावलीस का?"

गाल सोडून तिने ओठ पुसला. "चिमूटभर. पहाटं."

"कुठून आणलीस?"

"त्ये नगं इचारू. जा, डाक्टरला फोन लाव. रगात आलंय म्हनून सांग, मिसरी लावली म्हनून सांग." मी फोनकडे वळलो तेव्हा ती मागून ओरडली, "आनि माज्याबदली तूच बोल, पर खरं बोल."